काकू पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये 72 वर्षांच्या काकू एकट्याच होत्या. मुलगा कामावर, सून शाळेत शिकवायला, नात कॉलेजात. भाजीवाल्याकडून मेथीची जुडी आली होती. कितीतरी दिवसांनी काकूंना वाटलं, आज खाली बसून निवडावी. ओट्याला धरून त्या बसल्या. शेवटचं वीतभर अंतर अंग धपकन खाली गेलं, पण लागलं काही नाही. तेव्हा अकरा वाजून गेले होते. मेथी निवडून झाली, उठायला गेल्या, तर उठताच येईना.

एक हात टेकवून बघितला, दोन्ही टेकवून बघितले. ओट्याची कड हाताला लागेना. ट्रॉलीचं हँडल धरून जोर लावला तर ट्रॉलीच बाहेर आली. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, तो दोनदा वाजून बंद झाला. दीडच्या सुमारास सून लॅच उघडून आत आली, तेव्हा काकू फ्रिजला पाठ लावून बसलेल्या, निवडलेली मेथी पदरात. म्हणाल्या, "पडले न्हाय गं, बसलीय. पण उठायलाच येईना बघ."

सुनेनं मला त्याच दुपारी फोन केला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघते. मला येणारे बहुतेक फोन पडल्यानंतरचे असतात. खुबा मोडलेला, मनगट मोडलेलं, ऑपरेशन होऊन टाके निघालेले. हाड शाबूत असताना आलेला फोन क्वचितच. म्हणून हे प्रकरण घरच्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील वगळून, सविस्तर लिहिते आहे.

घरचे सगळेच गोंधळले होते. कारण काकूंचं वागणं अगदी शिस्तीचं होतं. मधुमेह 9 वर्षांपासून, पण गोळ्या वेळेवर. साखर सोडलेली, तेल कमी केलेलं. रात्रीचं जेवण हलकं. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात 40 मिनिटं फेऱ्या. मुलानं मनगटावर बांधायचं घड्याळ आणून दिलं होतं, त्यावर 10,000 पावलं व्हायची नाहीत म्हणून काकू हळहळायच्या. (हा 10,000 चा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये एक पाऊलमोजणी यंत्र विकताना पुढे आला. तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. सरासरी 72 वर्षांच्या बायकांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 2019 मध्ये आला. त्यात 7,500 पावलांच्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही. हे सांगितल्यावर काकूंचा जीव खरंच भांड्यात पडला.) "रोज चालतात की हो आई, मग पायांतली ताकद गेली कुठं?" सुनेचा हा प्रश्न रास्त होता.

पहिल्या दिवशी मी फारशी उपकरणं वापरली नाहीत. एक साधी खुर्ची भिंतीला लावली. दोन्ही हात छातीशी घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं, ते मोजायचं. काकूंच्या वयाच्या बाईला निदान 10 वेळा जमायला हवं. हात वापरावे लागले तर गुण शून्य, असा या चाचणीचा नियम आहे. काकू एकदाही हाताशिवाय उठल्या नाहीत. मग खुर्चीतून उठून 3 मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसणं. 12 सेकंद किंवा जास्त वेळ लागला की पडण्याचा धोका धरतात. काकूंना 17 लागले, त्यातले चार तर नुसते उठण्यात गेले. शिंप्याच्या टेपनं पोटरीचा घेर घेतला. आशियाई बायकांसाठी 33 सेंटिमीटरच्या खाली शंका घ्यावी असं मानतात. काकूंचा 30 भरला. वजन मात्र सहा वर्षांपूर्वीइतकंच, 54 किलो. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. काट्यावर आकडा तोच राहतो, आणि आत स्नायूच्या जागी चरबी येऊन बसते.

स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अमेरिकेतले डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं. म्हातारपण माणसाइतकंच जुनं, पण त्यातल्या या एका भागाला नाव मिळून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. तिशीनंतर दर दशकाला साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालण्यानं हृदयाला, साखरेला, मनाला नक्की फायदा होतो. ते मी कुणालाही सोडायला सांगत नाही. पण सपाट जागेवर चालताना मांडीच्या स्नायूंवर जो भार येतो, तो खालून उठताना येणाऱ्या भाराच्या मानानं फारच थोडा. रोज 40 मिनिटं चालणारी बाई जमिनीवरून उठू शकत नाही, यात विसंगती काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये ज्येष्ठांसाठी सांगितलं तेही हेच: चालणं वगैरे कराच, पण शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम हवेत. आपल्याकडे यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे.

मी काकूंना विचारलं, "गावाकडं असताना दिवसातून किती वेळा खाली बसून उठत होता?" त्या माण तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, इकडे आल्या. आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. बसणं-उठणं ही काय मोजायची गोष्ट? मग बोटं मोडत सुरू झाल्या. सकाळी परसाकडं. चूल पेटवायची. झाडलोट, खराट्यानं अंगण. देवपूजा. दळण निवडायचं. भाकरी करायला बसायचं, मधे मीठ राहिलं म्हणून उठायचं, पुन्हा बसायचं. धुणं. जेवायला बसायचं. शेरडाला पाला टाकायचा. संध्याकाळी पुन्हा तेच सगळं. बोटांवरचा हिशेब पस्तिसाच्या पुढे गेला आणि त्यांनी मोजायचं सोडून दिलं. "आणि इथं?" काकू थोडा वेळ गप्प बसल्या. "इथं कशाला बसायचं खाली? समदं वरच हाय."

खरंच सगळं वर होतं. कमोड होता, जेवायला टेबल होतं, फरशी पुसायला लांब दांड्याचा मॉप होता, कपड्यांना मशीन होतं. देव्हारा भिंतीवर, उभं राहून पूजा करता येईल अशा उंचीवर. काकूंना वाकायला लागू नये म्हणून सुनेनं डबे कमरेच्या उंचीच्या फळीवर आणून ठेवलेले. यातली एकेक वस्तू मुलानं आईच्या काळजीपोटी आणली होती. तीन वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे बघून "झीज आहे, आता खाली बसायचं नाही, जिना चढायचा नाही" असं सांगितलं होतं. घरच्यांनी ते तंतोतंत पाळलं. गुडघ्याच्या झिजेवर पहिला उपचार म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणं, यावर आज जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत आहे. काकूंना "काय करू नका" एवढंच सांगितलं गेलं, "काय करा" हे कुणी सांगितलंच नाही. हा अर्धा सल्ला मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात भेटतो आणि दर वेळी माझ्या पोटात तुटतं.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा मी ही यादी वाचून दाखवली. तो एकदम म्हणाला, "म्हणजे मीच आईला बसवून ठेवलं का?" त्याचे डोळे भरले होते. मी त्याला जे सांगितलं ते इथंही सांगते. कमोड ठेवायचाच. धुण्याचं मशीनही ठेवायचं. उन्हातान्हात, धुरात, पाणी वाहून काकूंची जी हाडं झिजली, त्यांना हा आराम मिळालाच पाहिजे. फक्त आरामाबरोबर जी उठबस घरातून गेली ती औषधासारखी, मोजून, परत आणायची.

त्याआधी दोन-तीन गोष्टी डॉक्टरांच्या होत्या. झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब घेतला, तर वरचा आकडा 142 वरून 116 वर आला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत 20 किंवा जास्त घसरण झाली तर ती गांभीर्यानं घ्यायची असते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे काकूंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून दुपारी चारनंतर त्या पाणी पीत नव्हत्या, हेही खोदून विचारल्यावरच कळलं. ट्यूनिंग फोर्कचं, म्हणजे ठोकल्यावर थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याचं, कंपन पायाच्या अंगठ्याला जाणवत नव्हतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी 9 वर्षं, आणि काकू माळकरी, म्हणजे अंडी-मांस नाही. दोन्हींमुळे ब12 जीवनसत्त्व कमी होतं. तपासलं तर 148 आलं, 200 च्याही खाली. आणि नवरा गेल्यापासून रोज रात्री झोपेची गोळी. या वयात या गोळ्यांनी तोल जातो आणि माणूस पडतो. मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना सविस्तर चिठ्ठी लिहिली. त्यांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली, ब12 ची इंजेक्शनं सुरू केली आणि झोपेची गोळी टप्प्याटप्प्यानं उतरवायला घेतली. ही गोळी एका रात्रीत बंद करायची नसते, ते धोक्याचं असतं. तरीही तिसऱ्या आठवड्यात काकू रात्र रात्र जागल्या आणि मुलगा "राहू दे, देऊन टाकू" या टोकाला आला होता. डॉक्टर ठाम राहिले. दुपारची दीड तासाची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळचा चहा बंद केला. रात्री जागण्याचा त्रास महिन्याभरात निवळला.

आता जेवण. हलकं जेवण म्हणजे काय, हे मी तीन दिवस लिहून मागितलं. सकाळी चहा-खारी. दुपारी एक चपाती, भाजी, पातळ वरण, भात. संध्याकाळी चहा, दोन बिस्किटं. रात्री मऊ भात आणि तूप. दिवसभराची प्रथिनं जेमतेम 25 ग्रॅम भरत होती. या वयाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, म्हणजे काकूंना निदान 54. स्नायू वाढवायला विटाच नाहीत, मग गवंडी कितीही चांगला असो. आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. मग मी विचारलं, "गावाकडं काय खात होता?" आणि काकूंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. हुलग्याचं माडगं! माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज, आणि हुलगा म्हणजे कुळीथ, त्यात शेकडा 22 च्या आसपास प्रथिनं. साताऱ्यात आल्यापासून त्यांनी ते केलं नव्हतं, "सुनेला गरिबाचं खाणं वाटंल" म्हणून. सुनेला तर ते माहीतच नव्हतं. ठरलं ते असं: सकाळी माडगं किंवा मोडाच्या मटकीची उसळ, दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, रात्री भाकरी, पिठलं किंवा पनीर, झोपताना पेलाभर दूध. पावडरीचा डबा आणावा लागला नाही.

व्यायाम अगदी साधा होता, पण तो मन लावून करून घेतला. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या म्हणजे बैठक उंच झाली. पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. खरी मेहनत बसताना. मनात "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" असं चारदा म्हणेपर्यंत हळूहळू खाली यायचं, धपकन बसायचं नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात शेवटचं वीतभर अंग जे सुटलं, ती ताकद या सावकाश बसण्यातून येते. आठ वेळा, थोडा दम खाऊन पुन्हा आठ वेळा, एक दिवसाआड. सहज जमायला लागलं की एक उशी काढायची. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. चहा उकळेपर्यंत बोट ओट्यावर टेकवून एका पायावर उभं राहायचं. गुडघा दुखला तर? सोसवेल इतकं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर चालू ठेवायचं. सुजला तर एक पायरी मागे.

काकूंनी विचारलं होतं, "सूर्यनमस्कार घालू का?" त्यांचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो संस्थानातल्या शाळांपर्यंत नेला, आणि त्या पिढीतल्या कित्येकांनी तो उतारवयापर्यंत चालवला. औंधला बरीच वर्षं राहिलेले वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर तर शंभरी ओलांडून 1968 मध्ये गेले. सूर्यनमस्कारात सगळं आहे: वाकणं, हातांवर भार, पाय मागे टाकणं, पुन्हा उभं राहणं. पण रक्तदाब असा घसरणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी डोकं खाली घालायला मी सांगणार नाही. आम्ही ओट्याला हात टेकून उभ्यानंच त्याचं अर्धं रूप केलं. वडिलांचं नाव निघालं म्हणून काकू ते कधी चुकवत नसत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जमिनीवरून उठायचा रस्ता. तो पाचव्या आठवड्यात गादीवर शिकवायला घेतला. एका कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग चारी पायांवर, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, बळकट पाय पुढे घ्यायचा, जोर लावायचा. मधुमेहामुळे आणि ब12 कमी असल्यामुळे तळव्यांची जाणीव गेलेल्या माणसाला डोळ्यांनी बघत बघत हा रस्ता पाठ करावा लागतो. पहिल्यांदा रांगताना काकू लाजल्या. नातीनं शेजारी येऊन स्वतः रांगून दाखवलं. मग सुनेला म्हटलं, तुम्हीही बसून उठा बघू. ती 44 वर्षांची. दोन्ही हात टेकल्याशिवाय तिलाही उठता आलं नाही. त्या दिवसापासून घरात रात्रीचं एक जेवण, शनिवारचं, सगळ्यांनी खाली बसून व्हायला लागलं. काकू पाटावर, खाली दोन घड्या घातलेलं घोंगडं.

आठव्या आठवड्यात हाताशिवाय खुर्चीतून 8 वेळा जमलं आणि नेमका ताप आला. सहा दिवस अंथरुणात. सातव्या दिवशी मोजलं तर 5. काकू रडायच्या बाकी होत्या, "समदं पाण्यात गेलं." अमेरिकेतल्या 2007 च्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना 10 दिवस फक्त झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. अंथरूण म्हाताऱ्या माणसाला असं महागात पडतं. म्हणून आता घरच्यांना पक्कं सांगितलं आहे: ताप असला तरी जेवायला उठवायचं, संडासला चालवत न्यायचं, पलंगाच्या कडेला बसवून पाय हलवायला लावायचे. "आराम करा आई" हे वाक्य डॉक्टरांनी सांगितलं तरच. गेलेलं परत मिळवायला तीन आठवडे लागले.

वय झालं की ताकद येत नाही, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात 1990 च्या सुमारास नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. व्यायाम पुरा केलेल्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. काकू तर त्यांच्यापुढे तरुण.

पाच महिन्यांनी, फाल्गुनात, पुन्हा सगळं मोजलं. खुर्चीतून 11 वेळा. तीन मीटर जाऊन येणं साडेअकरा सेकंदांत. पोटरी 31 सेंटिमीटर, म्हणजे ती अजून कमीच आहे. उभ्यानं रक्तदाब आता फक्त 10 नं उतरतो. तळव्यांची जाणीव मात्र पूर्ण परत आलेली नाही, कदाचित येणारही नाही. म्हणून बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, आणि फोन टेबलावर न ठेवता गळ्यातल्या पिशवीत. जिना चढताना कठडा धरावाच लागतो.

काकूंनी मला एक गोष्ट अगदी शेवटी सांगितली. दोन वर्षांपासून त्यांनी भजनी मंडळ सोडलं होतं. घरी सांगितलं, आवाज लागत नाही. खरं कारण सतरंजी. भजन संपल्यावर सगळ्या बायका उठायच्या आणि यांना दोघींनी काखेत हात घालून उठवावं लागायचं. शेवटी त्यांनी जाणंच बंद केलं. मंडळात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला कुणी नाही म्हटलं नसतं, पण टाळ घेऊन खुर्चीवर बसायचं त्यांच्या मनाला पटेना.

चैत्रातल्या एकादशीला त्या गेल्या. सुनेनं नंतर मला सांगितलं. दोन तास बसल्या, मधे दोनदा पाय लांब केले. आरती झाली, बायका उठायला लागल्या. काकूंनी टाळ बाजूला ठेवला, कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, समोरच्या पेटीवाल्या बाईंना म्हणाल्या, "जरा खांदा द्या, वढू नका," आणि उठल्या.